ताक बाधलं

आमच्या वाईच्या घरात माझं पोट हा सगळ्यांच्या बोलण्याचा विषय होता. वांगं मला वातूळ, शेंगदाणा पित्ताचा, ज्वारी जड, ताक दुपार कलल्यावर वर्ज्य. ही यादी आईनं कधी कागदावर लिहिली नव्हती, पण घरातल्या प्रत्येकाला ती पाठ होती. पंगतीत माझ्यापुरता मऊ भात आणि मेतकूट वेगळं यायचं. मॅट्रिकच्या वर्षी एकदा जेवणं झाल्यावर वडील सहज म्हणाले, "आजचा सांजा शेंगदाण्याच्या तेलातला होता बरं का." अर्ध्या तासात माझ्या छातीत जळजळ सुरू झाली. मी सोडा घेऊन आडवा झालो तेव्हा वडील हसत हसत आत आले. सांजा तुपातलाच होता, त्यांनी गंमत केली होती. घर आठवडाभर हसलं. मीही हसलो. त्या गमतीतून स्वतःबद्दल काही समजून घ्यावं असं मला सुचलं नाही.

चोविसाव्या वर्षी मी आष्ट्याजवळच्या एका गावात शिक्षक म्हणून गेलो. युद्ध चालू होतं. गावानं नुकतीच इंग्रजी शाळा काढली होती. तीन वर्ग, दोन मास्तर आणि पत्र्याची एक लांब खोली. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष पलटणीतून जखमी होऊन परत आलेले एक सुभेदार होते. बायको आधीच वारलेली. गावात भावांची घरं होती, पण ते एकटे मळ्यात वस्ती करून राहत. सायकलवरून येत आणि लंगडत उतरत. मी रुजू झालो त्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, हातानं शिजवत बसू नगा. तुमचा डबा माझ्याकडनं."

मराठ्याच्या घरचं अन्न खाणार हे मी वाईला कळवलं नाही, पण मनातून मला त्याचा अभिमानच वाटला. कॉलेजात असताना मी सहभोजनाच्या बाजूनं भाषणं केली होती. अस्पृश्यतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. वर्गात मुलांना मी तेच सांगत असे, आणि सुभेदार खिडकीपाशी उभे राहून ऐकत. त्यांनी ते फार मनावर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

डबा रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते स्वतः आणत. ज्वारीची भाकरी, कधी आंबाडीची भाजी, कधी भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि लोट्यात आलं ठेचून घातलेलं ताक. म्हणजे आईच्या यादीतलं एकूणएक. पहिले चार दिवस मी भीत भीत खाल्लं. पाचव्या दिवशी भिण्याचं विसरलो. महिन्याभरात पित्त गेलं, झोप लागू लागली. सोड्याची पुडी ट्रंकेत दगड होऊन पडली. गुऱ्हाळं सुरू झाल्यावर एकदा आष्ट्याच्या बाजारात सुभेदारांनी मला गुळाच्या काट्यावर उभं केलं. आल्या आल्या जूनमध्ये याच काट्यावर हौसेनं मला तोललं होतं. मधल्या काळात अकरा शेर वाढलो होतो. अडत्या म्हणाला, "सुबेदार, ह्या ढेपंला आता गिऱ्हाईक बगा. लगीन उरकून टाका गुर्जींचं!"

मी वाईला लिहिलं, इकडची हवा मानवली.

डबा कोण करतं हे मी विचारलं नव्हतं. सुभेदारांची कुणी भावजय असेल असं धरून चाललो होतो.

माघातली एक सकाळ. शाळा भरायला अवकाश होता. माझं जेवण होत आलं होतं आणि सुभेदार उंबऱ्यावर बसले होते. त्या दिवसांत शाळेला जोडून बोर्डिंग काढायचं चाललं होतं. लांबच्या वस्त्यांवरची मुलं तिथं राहणार होती. त्यांच्यासाठी स्वयंपाकाला बाई ठेवायची होती. तिला पगार, धान्य आणि राहायला एक खोली मिळणार होती.

"बाई बगितलीया मी," सुभेदार म्हणाले.

"कोण?"

"आठ म्हैनं तुमाला जी जेवू घालतीया, तीच."

मग त्यांनी सांगितलं. इजिप्तमधल्या लष्करी इस्पितळात त्यांच्या शेजारच्या खाटेवर दुसऱ्या तालुक्यातल्या महारवाड्यातला एक शिपाई होता. सुभेदारांचे दोन्ही हात तेव्हा बांधलेले होते. "दीड म्हैना त्यानं मला घास भरवला, मास्तर. सोताची जखम चिघळत हुती, तरी. आन् शेवटाला गेला त्योच." परत आल्यावर सुभेदारांनी त्याच्या विधवेला आणि लहान मुलीला मळ्यात आसरा दिला. गावाला वाटे, ती रानातल्या कामाला आहे. भाकऱ्या तीच भाजत होती, ताक तीच घुसळत होती.

"कमिटी न्हाईच म्हननार, ठावं हाय मला," ते पुढे म्हणाले. "म्हनून तर आजवर गप ऱ्हायलो. आता रविवारी मीटिंगमदी तुमी उभं ऱ्हायाचं. सांगायचं, मी वाईचा बामन, आठ म्हैनं हिच्या हातचं खाल्लं आन् अंगावर मास धरलं. मग कोन त्वांड उघडतंय बगू. काय?"

"अवश्य सांगेन," मी म्हणालो. "मला आनंदच आहे."

आणि मला खरोखर आनंद झाला होता. इतकी वर्षं मी तो क्षण उलटासुलटा करून पाहिला आहे. माझ्या मनात किळस आली नव्हती. उलट, आपण नकळत का होईना केवढं काम केलं, असं वाटून मी फुलून गेलो होतो. मी तांब्या घेऊन हात धुवायला बाहेर आलो. बोटांना भाकरीचा वास होता. तोच रोजचा, भाजलेल्या पिठाचा. तो नाकात गेला आणि तोंडाला एकदम पाणी सुटलं, कानशिलं गार पडली. चिंचेच्या झाडापर्यंतही मी पोचलो नाही. सगळं बाहेर आलं. पोट रिकामं झालं तरी उमासे थांबेनात.

सुभेदार लंगडत धावत आले आणि त्यांनी माझं कपाळ धरलं. त्याच वेळी रस्त्यानं कमिटीतला एक दुकानदार चालला होता. तोही आला. "आवं गुर्जी, काय खाल्लंसा?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. अजून कुणालाच कळलं नव्हतं. त्या वेळी मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "ताक बाधलं असावं. जरा आंबट होतं."

ताक गोड होतं. पण भाकरी बिघडते असं कुणी मानत नाही, ताक बिघडतं हे सगळ्यांना पटतं. ओकून घाबरा झालेला माणूसही एवढा विचार करू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

दुपारी मधल्या सुट्टीत ती आली. मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिशीची असेल. उन्हानं रापलेली, विटकं लुगडं, हातात झाकलेली लोटी. पायरीपासून दहा हात लांब चिंचेच्या सावलीत ती उभी राहिली.

"कसं हाय आता, गुर्जी?"

"बरं आहे."

"ताक सकाळीच घुसळलं हुतं. मी पेले, पोरगी पेली, सुबेदारबी पेलं. कुनाला काय झालं न्हाई."

"माझंच पोट नाजूक आहे, बाई."

"मग आंबट हुतं असं का म्हनलासा?"

तिनं लोटी खाली ठेवली, परत उचलली.

"गावात झालंया, मळ्यातल्या बाईनं मास्तरला काय घातलं म्हनून. मी कोन हे आजून कळलं न्हाई तर एवडं. रविवारी कळल्यावर काय?" मग ती जरा पुढं आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "खोली मिळंल म्हनत्यात सुबेदार. बोर्डिंगात ऱ्हायले तर पोरगी साळंत बसंल माझी. भासन नगं तुमचं. एवडंच सांगा, ताक बाधलं न्हवतं."

"सांगेन," मी म्हणालो.

रविवारला तीन दिवस होते. डबा येत राहिला, आणि त्या तीन दिवसांत मी स्वतःशी फार झगडलो. दार लावून डबा पुढं घेऊन बसायचो. डोळे मिटायचो. हे तेच अन्न आहे, तोच हात आहे, गेल्या आठवड्यात तू दोन भाकऱ्या मागून खाल्ल्यास, असं मनात म्हणायचो. ते सगळं मला पटायचंही. पण तुकडा जिभेवर ठेवला की तो गिळवत नसे. शेवटी मी भाकरी शाळेमागच्या गाईला घाली, ताक चिंचेच्या बुंध्याशी ओती आणि डबा स्वच्छ धुऊन परत पाठवी. तिला वाटावं, मास्तर जेवू लागले. दुसऱ्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्त आली.

रविवारी दुपारी पत्र्याच्या खोलीत मीटिंग भरली. पंधराएक माणसं होती. मळ्यातली बाई बाहेर भिंतीला टेकून मातीत बसली होती. खिडकीतून मला तिच्या डोक्यावरचा पदर दिसत होता.

सुभेदारांनी आडवळण न घेता सांगून टाकलं. मग एकदम गलका झाला.

"पोरं बाटवायला बोर्डिंग काढताय व्हय?"

"सुबेदार, पलटन हिकडं नगा आनू. हितं गाव हाय."

"पोरांस्नी घरी ठिवू, पर हे न्हाई."

सुभेदारांनी काठी आपटली. "गप बसा की जरा! मास्तर आठ म्हैनं खात्यात. वाईचं बामन हायती. त्यांचा धरम बुडला न्हाई, तुमचा बरा बुडतूया! इचारा त्यास्नी."

मी उभा राहिलो. "होय," मी म्हणालो, "आठ महिने मी यांच्या हातचं जेवलो आहे. माझी प्रकृती सुधारली. अन्न स्वच्छ आणि चांगलं होतं."

सुभेदारांचा चेहरा उजळला. मी तिथंच बसलो असतो तर कदाचित, नक्की नाही पण कदाचित, निम्मी कमिटी वळली असती. पण तो दुकानदार उठला. "आन् परवा वांती कशानं झाली, गुर्जी? मी हुतो तितं."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. ताक चांगलं होतं असं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग ओकलात कशानं? त्याचं उत्तर मला माझ्या विद्यार्थ्यांच्या बापांसमोर, सुभेदारांसमोर, खिडकीबाहेरच्या त्या पदरासमोर द्यावं लागलं असतं. ज्यानं निबंध लिहिले, भाषणं केली, त्याच्या पोटानं काय केलं, हे सांगावं लागलं असतं. तरीही ते सांगून मी म्हणू शकलो असतो, की दोष माझ्या पोटात आहे, हिच्या हातात नाही. एवढंच तिनं मागितलं होतं.

"ते... ताक बाधलं," मी म्हणालो.

मागून एकजण मोठ्यानं म्हणाला, "आरं कशाचं ताक! ठावं नव्हतं तवर आठ म्हैनं पचलं, आन् कळलं तसं वकलं! गुर्जींच्या पोटानंच मत दिलं की रं!"

खोली हसण्यानं दणाणली. सगळ्यांनी बरोबर ओळखलं होतं. माझ्या खोटेपणानं माझी लाजही झाकली नव्हती. फक्त कागदावर लिहायला कमिटीला कारण मिळालं: सदर बाईच्या हातचं अन्न मास्तरांना बाधलं, सबब नेमू नये. ठरावाची वही माझ्याकडे असे. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे.

बाहेर आलो तेव्हा भिंतीपाशी कुणी नव्हतं. सुभेदार सायकल धरून उभे होते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "पोटाला जपा, मास्तर," एवढंच म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. मी स्टोव्हवर मऊ भात करू लागलो, आणि आठवड्याच्या आत पित्त परत आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याच्या एका शाळेत नोकरी धरली.

ओकलो याबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही. लहानपणापासून जे भरवलं गेलं ते काही फक्त भाताबरोबर भरवलं गेलं नव्हतं, आणि ते एका निबंधानं बाहेर पडत नाही. पण पोटावर मला हुकमत नव्हती, तशी जिभेवर होती. दोन वेळा होती. हे मी पोटावर ढकलू शकत नाही.

तीन वर्षांनी, स्वातंत्र्य मिळालं त्या साली दिवाळीनंतर, एका कामानं सांगलीला गेलो. वाटेत आष्ट्याला सुभेदार भेटले. बोलले नीट. मी विचारल्यावर म्हणाले, "गावानं ऱ्हाऊ दिलं न्हाई तिला. मळ्यापतुर येऊन दंगा केला. सांगलीत हाय, हळदीच्या वखारीत." वखार कुठली तेही सांगितलं.

मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. अंगणभर हळकुंडांचे ढीग होते आणि बायका भिंतीच्या सावलीत फडकी सोडून बसल्या होत्या. तिनं मला लगेच ओळखलं. हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते. शेजारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती, तिचेही हात तसेच.

"आवं, गुर्जी! हिकडं कुटं?" ती उठली. मी काही म्हणायच्या आत तिनं वखारीच्या राखणदाराला हाक मारली, पदराच्या गाठीतून काढून त्याच्या हातावर काही ठेवलं आणि त्याला समोरच्या हॉटेलात पाठवलं. तो चहा घेऊन आला तेव्हा म्हणाली, "घ्या. बामनाच्या हाटेलातला हाय. कपबी त्येंचाच. मी हात लावला न्हाई."

यात टोमणा नव्हता. पाहुण्याला सोसेल तेच द्यावं, एवढाच तिचा विचार होता. तो कप हातात धरून मी सगळं सांगितलं. ताक गोड होतं हे, कशानं ओकलो ते, मीटिंगमध्ये का बोललो नाही ते, गाईला घातलेल्या भाकऱ्याही.

"मला ठावं हुतं की," ती शेवटी म्हणाली. "झाडाखाली उभी हुते, तवाच कळलं. तुमी माज्याकडं बगतच नव्हता." मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "पर एक झालं बगा. तवापासनं मला ताक सोसंना. लहानपनापासनं पेत आले. आता घोटभर पेलं तरी पोटात कळ येती. ताजं असूं दे न्हाईतर काय असूं दे."

"पण ताकात काही नव्हतं," मी म्हणालो. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"ठावं हाय की. डोसक्याला ठावं हाय."

मुलगी फडक्यातली भाकरी मोडून खात होती. मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "बाई, त्यातला एक तुकडा मला द्या. मी इथं, सगळ्यांसमोर खातो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता मात्र तिचा चेहरा बदलला.

"कशापायी? तुमाला बरं वाटावं म्हनून?" ती म्हणाली. "आन् पुन्ना वांती झाली तर? हितंबी मला काम हाय, गुर्जी. हितल्या बायकास्नी मी काय सांगू?"

तिनं भाकरीवर फडकं ओढून घेतलं. आत घंटा झाली. "बसा सावकास, चा प्या," म्हणाली, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी ढिगांच्या बाजूला गेल्या.

चहा निवला होता. तरी मी प्यालो आणि कप परत द्यायला समोरच्या हॉटेलात गेलो. तिनं आत पाऊल टाकलं असतं तर तिला हाकललं असतं, अशी ती जागा. मालक गल्ल्यावर होते. माझ्याकडे, माझ्या काळ्या टोपीकडे पाहून म्हणाले, "या, बसा. पान वाढायला सांगू का? गरम भात आहे, वरण आहे."

सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी बसलो. वरणभात जेवलो, वर लिंबाचं लोणचं घेतलं, शेवटी वाटीभर ताकही प्यालो.

मला काही झालं नाही.